पुठ्ठ्याच्या पिचरला दम कसा लागला

वन-डे क्रिकेटमध्ये बोलरला दहाच षटकं मिळतात, हे नियमच सांगतो. बेसबॉलमध्ये पिचरवर असं बंधन नाही; तिथं खांदाच काय ते बजावतो. आज सामन्याची सुरुवात करून शंभरेक चेंडू टाकलेला स्टार्टर पुढचे चार दिवस बहुधा बाकावर बसून असतो. म्हणून संघात आळीपाळीने खेळणारे पाच स्टार्टर आणि त्यांच्या जागी मध्येच उतरणाऱ्या रिलिव्हरांची फळी. हाच खेळ कार्डं आणि फासे घेऊन टेबलावर मांडला की मात्र पंचाईत होते. पुठ्ठ्याला खांदा नसतो.

सुरुवातीला ही पंचाईत जाणवलीच नाही, कारण टेबलावर पिचरला किंमतच नव्हती. एथन अ‍ॅलन या माजी खेळाडूचा ‘ऑल-स्टार बेसबॉल’ 1941 मध्ये आला. प्रत्येक बॅटरची एक गोल चकती, तिच्यावर त्याच्या आकडेवारीप्रमाणे पाडलेले भाग आणि मधोमध फिरणारा काटा. समोरून चेंडू कोण टाकतंय, याच्याशी काट्याला देणंघेणं नव्हतं. पुढे 1951 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झने ‘अ‍ॅपबा’ काढला. त्यात पिचरला ए ते डी अशी श्रेणी मिळाली आणि ए श्रेणीवाल्यापुढे बॅटरच्या काही हिट आउट ठरू लागल्या.

पिचरला बॅटरच्या बरोबरीचा मान मिळाला तो हॅल रिचमनमुळे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा हा पोरगा अकराव्या वर्षापासून फाशांशी खटपट करत होता. त्याचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ 1961 मध्ये बाजारात आला. तीन फासे टाकायचे. एका फाशावर 1 ते 3 पडले तर बॅटरचं कार्ड बघायचं, 4 ते 6 पडले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या कार्डावरची ओळ ठरवते. 216 शक्यतांपैकी 108 थेट पिचरच्या कार्डावर.

आणि इथंच गोची झाली. 1968 मध्ये सेंट लुइसचा पिचर बॉब गिब्सन याने दिलेल्या धावांची सरासरी होती अवघी 1.12. त्या मोसमाचं त्याचं कार्ड हाताशी असताना रोज दुसऱ्या कुणाला कोण उतरवेल? म्हणून थकवा नियमात लिहून काढावा लागला. स्टार्टरला सक्तीची विश्रांती आली. ठरावीक इनिंगनंतर हिट आणि वॉक साचले की पिचर दमला असं धरायचं, आणि मग त्याच्या कार्डावरचे टिंब दिलेले निकाल सिंगल मानायचे. मला तर या खेळातली सगळ्यात मोठी करामत त्या टिंबाची वाटते.

तरी पळवाट उरतेच. कुणी रिलिव्हर मोसमात जेमतेम तीस इनिंग टाकतो, पण त्या अशा की त्याचं कार्ड गिब्सनलाही लाजवेल. आळीपाळीने खेळाडू निवडून संघ बांधायच्या मित्रमंडळींच्या ड्राफ्ट लीगमध्ये अशा कार्डांवर उड्या पडणारच. त्यावर अनेक लीगनी तोडगा काढला: पिचरने प्रत्यक्षात जेवढ्या इनिंग टाकल्या, साधारण तेवढ्याच इथं टाकायच्या. झालं, मॅनेजरांचा डोळा सरासरीवरून साठ्याकडे वळला. मोसमातले 162 सामने गुणिले नऊ, म्हणजे ढोबळमानाने 1,458 इनिंग कुणाकुणाकडून तरी भरून काढायच्या. 1972 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या विल्बर वुडने एकट्याने 376 हून जास्त इनिंग टाकल्या होत्या. त्याच्या नकलबॉलला वेग फारसा नव्हता, त्यामुळे हातावर ताणही कमी. असं एक कार्ड मिळालं की पाव मोसमाची चिंता मिटते.

कॉम्प्युटर आल्यावर हिशेब यंत्राकडे गेला. मार्कुस हाइन्झोन या जर्मन माणसाने 1999 मध्ये आणलेल्या ‘आउट ऑफ द पार्क’ या कॉम्प्युटर-खेळात दमसास हा एक गुण असतो, आणि तो असूनही हातात तीनेक प्रकारचे चेंडू नसतील तर त्या पिचरला स्टार्टर म्हणून उभं करणं अवघड जातं.

आता अडचण दुसऱ्याच बाजूने आली आहे. 2021 मध्ये मेजर लीगमध्ये 200 इनिंगचा टप्पा गाठणारे पिचर होते अवघे चार. ते ज्यांच्या वाट्याला येत नाहीत त्या मॅनेजरांना 1,458 चं गणित जुळवायचं तर बारा-पंधरा पिचर गोळा करावे लागतात, आणि ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांत पूर्वी कुणी ढुंकून पाहत नसे अशा मधल्या फळीतल्या रिलिव्हरांवरून भांडणं होतात.