उणिवांचा रकाना

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या, युनिक्स या संगणकप्रणालीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेसाठी ठरलेला साचा होता: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली आणि 'बग्ज', म्हणजे माहीत असलेल्या उणिवा. आपल्याच कामातले दोष छापून देण्याचा हा प्रामाणिकपणा मला त्या पुस्तिकेचे खरे मोठेपण वाटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एआयला बाहेरची साधने जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यातही साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला लागणाऱ्या माहितीचा आराखडा दिला जातो. साचा ओळखीचा, वाचक तेवढा नवा: एआय एजंट. उणिवांसाठी मात्र वेगळा रकाना नाही.

कोणी म्हणेल, एआय एजंट साधनाचा मूळ कोड वाचू शकतो, चुकला तर पुन्हा प्रयत्न करतो. मग वर्णनाचा खटाटोप कशाला? पण कोड काय घडते ते सांगतो, काय घडायला हवे होते ते नाही. पुष्कळदा तो एजंटला दिसतही नाही. आणि फाइल पुसणारी आज्ञा चुकून चालली, तर दुसऱ्या प्रयत्नाला अर्थ उरत नाही. पुस्तिका अपुरी पडली तर माणूस शेजारच्या सहकाऱ्याला विचारू शकत असे. एजंटापुढे बहुधा तेवढा मजकूरच असतो. साधने घडवणाऱ्यांनी वर्णनात उणिवाही लिहाव्यात.