हलाल, महल्ला आणि सत्र : आशियातील प्रवासमार्गांवरील विहित अन्नाचा इतिहास

प्रवासवर्णनांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा राजे, बंदरे, माल व अंतरे यांकडे जाते. प्रवाशाने मुक्कामावर काय खाल्ले, ते कोणी शिजविले आणि कोणते अन्न त्याने नाकारले, या नोंदी किरकोळ समजून मागे टाकल्या जातात. परंतु ज्याच्या धर्माने अन्नाच्या बाबतीत निश्चित विधिनिषेध घालून दिले आहेत, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नसतो. रोज सायंकाळी तो नव्याने उभा राहतो. नवव्या शतकापासून पुढे मुसलमान व्यापारी व प्रवासी आशियाच्या पूर्व भागात दूरवर गेले. त्यांना विहित अन्न कसे मिळत गेले, याचा काही प्रमुख साधनांच्या आधारे विचार करण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. अरबी ‘हलाल’ हा शब्द ह-ल-ल या त्रिवर्णी धातूपासून झाला आहे. या धातूचा मूळ अर्थ गाठ सोडणे असा आहे. जे मोकळे केले, ज्यावरील बंधन काढले, ते हलाल. याच धातूचा दुसरा अर्थ उतरणे, मुक्काम करणे असा होतो. कारण मुक्काम करणारा प्रवासी जनावराच्या पाठीवरील ओझ्याच्या गाठी सोडतो. या दुसऱ्या अर्थापासून ‘महल’ म्हणजे उतरण्याची जागा व ‘महल्ला’ म्हणजे वस्ती हे शब्द निघाले. आपल्या भाषेतील महाल, मोहल्ला आणि हलाल हे तीन शब्द अशा रीतीने एकाच कुळातले आहेत. धातू एक असल्याने इतिहासही एक ठरतो असे नव्हे. व्युत्पत्ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि, प्रवाशाची उतरण्याची जागा आणि त्याचे विहित अन्न यांचा प्रत्यक्ष व्यवहारातही असाच निकट संबंध होता काय, हा प्रश्न व्युत्पत्ती सुचविते. त्याचे उत्तर मात्र कागदपत्रांत व ताम्रपटांत शोधावे लागते.

इ. स. ८५१ च्या सुमारास संकलित झालेल्या ‘अखबार अल-सीन वल-हिंद’ या अरबी ग्रंथात प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. चीन व हिंदुस्थान येथील लोक खाण्यासाठी जनावर मारताना गळा कापीत नाहीत, डोक्यावर प्रहार करून ते मारतात, अशी नोंद त्यात आहे. असे मांस मुसलमानाला वर्ज्य होय. त्याच ग्रंथात खानफू, म्हणजे आजचे कँटन, या बंदरात चिनी सत्तेने मुसलमानांच्या तंट्यांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यापैकीच एकाची नेमणूक केली असल्याचे सांगितले आहे. पहिली नोंद अडचण सांगते. दुसरी नोंद ती अडचण कशी सुटत असावी हे सुचविते. जेथे स्वतःचा न्यायाधीश व स्वतःची वस्ती आहे, तेथे स्वतःचा खाटीक असणे स्वाभाविक आहे.

कोंकणच्या किनाऱ्यावर हीच व्यवस्था दहाव्या शतकाच्या आरंभी दिसते. मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, सैमूर येथे आला होता. सैमूर म्हणजे चौल. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांत सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच येथेच जन्मलेल्यांचीही वस्ती होती. त्यांचा प्रमुख ‘हुनरमन’ या नावाने ओळखला जाई व राजाच्या संमतीने तो त्यांचे व्यवहार पाहत असे. हे अधिकारनाम फारसी ‘हुनरमंद’ या शब्दाशी जोडले जाते. मराठीतील ‘हुन्नर’ शब्दाचे मूळही तेच.

याहून महत्त्वाचा पुरावा १९५५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांत आहे. त्यांपैकी शके ८४८ (इ. स. ९२६) चा पट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. संयान, म्हणजे संजाण, या मंडलावर त्या वेळी ताजिक वंशाचा मधुमती हा अधिकारी होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. या अधिकाऱ्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावेची सोय केली आणि एक सत्र उघडले. त्या सत्रात साळीचा भात, व्यंजने व तूप विनामूल्य मिळे. त्याच पटात एका मठिकेला दिलेल्या दानाचाही उल्लेख आहे. हे सत्र मुसलमानांसाठी होते असे पट म्हणत नाही, व तसे आपणही म्हणू नये. परंतु पटातील यादीत मांसाचे नाव नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भात व तूप हे अन्न असे आहे, की ते एका अरबाने घातले असता इतरांना खाता येईल आणि इतरांनी घातले असता अरबाला खाता येईल. संस्कृत ‘सत्र’ शब्दाचेच लोकांच्या तोंडी ‘छत्र’ झाले आणि आपण आज अन्नछत्र म्हणतो. या शब्दाच्या कोंकणातील इतिहासात एका अरब अधिकाऱ्याचे नाव आहे, हे विसरता येणार नाही.

चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघाला. हे वर्ष १३४२. वाटेवरील नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे, की त्यांच्यातील उच्चवर्णीयांचे अन्न तांदूळ, भाज्या व तिळाचे तेल हे असून, ते प्राण्यांना पीडा देणे व त्यांची हत्या करणे टाळतात. पुढे होनावर येथे सुलतान जमालुद्दीन याच्या घरी त्याला प्रथम भात व तूप, मिरी, आले, लिंबू व आंबा यांची लोणची, मग कोंबडी, मग मासे, मग भाज्या आणि शेवटी दही असे क्रमाने वाढले जाई. होनावरचे मुसलमान शाफिई पंथाचे होते. कोंकणी मुसलमान आजही बहुशः त्याच पंथाचे आहेत. समुद्रातील अन्नाच्या बाबतीत हा पंथ हनफी पंथाहून अधिक मोकळीक देतो. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या प्रवाशाला या मोकळिकीचे मोल किती असेल, हे सांगावयास नको.

मलबारच्या रस्त्याचे त्याचे वर्णन या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. तेथे वाटेवर लाकडी धर्मशाळा असत व प्रत्येकीजवळ विहीर असे. विहिरीवरील हिंदू माणूस हिंदूंना भांड्यातून पाणी देई, मुसलमानांच्या मात्र ओंजळीत ओती. मुसलमानाला घरात घेण्याचा व आपल्या भांड्यांत वाढण्याचा रिवाज नव्हता. जेथे मुसलमानांची वस्ती नसे तेथे हिंदू त्याच्यासाठी अन्न शिजवीत आणि केळीच्या पानावर वाढीत. परंतु बहुतेक मुक्कामांवर मुसलमानांची घरे होती. प्रवासी तेथे उतरे, लागेल ते विकत घेई व तेथेच त्याचा स्वयंपाक होई. ही घरे नसती तर या मार्गाने एकाही मुसलमानाला जाता आले नसते, असा इब्न बतूताचा अभिप्राय आहे. येथे शुद्धाशुद्धतेच्या दोन व्यवस्था समोरासमोर उभ्या आहेत. कोणीही आपली व्यवस्था सोडली नाही. तरीही रस्ता चालू राहिला. केळीचे पान व ओंजळ ही या तडजोडीची साधने होत. त्या तडजोडीत दुरावा आहे, हे झाकण्याचे कारण नाही. पण भूक व तहान भागविण्याची जबाबदारी तीत नाकारलेली नाही.

या तडजोडीचे अधिक स्पष्ट रूप पंधराव्या शतकातील मा ह्वान या चिनी मुसलमान दुभाष्याच्या लेखनात सापडते. हा चंग हे याच्या नौदलाबरोबर कालिकतला आला होता. तो नोंदवितो, की तेथील एका पूर्वीच्या राजाने मुसलमानांशी करार केला होता : त्यांनी गोमांस खाऊ नये, राजाने डुकराचे मांस खाऊ नये, आणि परस्परांचा निषेध परस्परांनी पाळावा. हा करार आपल्या काळापर्यंत पाळला जात असल्याचेही तो सांगतो.

अशी तडजोड मोडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण कुब्लाईखानाच्या कारकिर्दीत मिळते. रशीदुद्दीन याच्या इतिहासात हा प्रसंग आहे. उत्तरेकडील प्रांतांतून काही मुसलमान व्यापारी बहिरी ससाणे घेऊन दरबारात आले. खानाने आपल्या पानातील अन्न त्यांना दिले; ते अशुद्ध म्हणून त्यांनी घेतले नाही. खान संतापला. १२८० च्या आरंभी निघालेल्या आज्ञेने गळा कापून जनावर मारण्यास बंदी झाली, आणि मोंगलांप्रमाणे छाती उघडून, रक्त न सांडता जनावर मारावे असे फर्मावले गेले. एका कायद्याने रक्त वाहून जाणे आवश्यक मानले होते, दुसऱ्याने ते सांडणे निषिद्ध मानले होते; येथे केळीच्या पानाला वाव राहिला नाही. खबर देणाऱ्यांना आरोपीच्या मालमत्तेचे आमिष दाखविण्यात आले, त्यामुळे घरचे गुलामही धन्यावर उलटले. व्यापारी येईनासे झाले, जकातीचे उत्पन्न घटले, आणि सुमारे सात वर्षांनी बंदी उठली. आज्ञेला धर्माच्या युक्तिवादाने उत्तर मिळाले नव्हते. ते रिकाम्या खजिन्याने मिळाले.

यानंतर सुमारे साठ वर्षांनी इब्न बतूता चीनमध्ये पोहोचल्याचे सांगतो. त्याच्या या प्रवासाविषयी काही विद्वानांना शंका आहे. ती लक्षात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा. बाजारात डुकराचे व कुत्र्याचे मांस विकले जाते असे तो लिहितो, आणि घराबाहेर पडणे तो टाळू लागला होता. मात्र प्रत्येक मोठ्या नगरात मुसलमानांचा स्वतंत्र महल्ला, मशीद, शेख व काजी होते, आणि तेथील मुसलमान भेटला की आप्त भेटल्यासारखे वाटे. खनसा, म्हणजे हांगचौ, येथील अमीराने मेजवानी दिली तेव्हा पाहुण्यांसाठी मुसलमान आचारी बोलावून त्यांच्याच हातून जनावरे कापविली. चिनी भाषेत अशा अन्नाला पुढे ‘छिंगचन’ म्हणजे शुद्ध व सत्य ही संज्ञा रूढ झाली. या भाषेत मशिदीलाही तेच विशेषण लागते. अन्न व उपासनेची जागा यांना एकच शब्द असावा, हे लक्षणीय आहे.

महाराष्ट्रातील खेड्यांत या व्यवस्थेला आणखी एक वळण मिळाले. गावगाड्यात मुलाण्याला स्थान होते, आणि बकरे कापण्याचे काम त्याच्याकडे असे. मराठा कुळेही त्याच्या हातचे मांस खात. अशा गावी उतरलेल्या मुसलमान प्रवाशाला निराळी सोय शोधावी लागत नसावी, असे अनुमान करता येते. आपल्या भाषेने ‘हलाल’ हा शब्द ‘नमकहलाल’ व ‘हलालखोर’ यांत निष्ठा व श्रम यांच्या अर्थानेही स्वीकारला.

१९७० नंतरच्या दशकात मलेशिया व सिंगापूर येथे विहित अन्नाला शासकीय वा अर्धशासकीय प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. शेजाऱ्याच्या साक्षीची जागा शिक्क्याने घेतली. आजचा प्रवासी फलक पाहून दुकानात शिरतो. पण फलकही यजमान समाजाच्या संमतीनेच उभा असतो. २०१९ मध्ये पेकिंगमधील अशा दुकानांवरील अरबी अक्षरे काढावयास लावल्याची वृत्ते आली, तेव्हा हे पुन्हा दिसून आले.

वरील साधनांवरून एवढे म्हणता येते, की विहित अन्नाचा इतिहास हा निषिद्ध पदार्थांच्या यादीचा इतिहास नाही. यादी सर्वत्र जवळजवळ एकच होती. प्रवास मात्र कोठे सुकर झाला, कोठे थांबला. फरक पडला तो उतरण्याच्या जागेने. ज्या राज्यात परक्याला आपली चूल मांडता आली, किंवा निदान केळीचे पान मिळाले, तेथे रस्ते व बंदरे चालू राहिली. ‘हलाल’ व ‘महल्ला’ यांचे नाते केवळ धातुपाठापुरते नाही, असे या पुराव्यावरून मानावयास हरकत दिसत नाही.