ठोकळ्यांवर चढविलेल्या मोटारी

पागेत बांधून ठेवलेल्या घोड्यालाही दाणावैरण आणि खरारा लागतो, हे ज्या घरांनी घोडे बाळगले त्यांना निराळे सांगावे लागत नसे. तो रोज फिरविला नाही तर त्याचे पाय आखडतात, हेही त्यांना ठाऊक असे. घोड्याच्या जागी मोटार आली तेव्हा मात्र एक चमत्कारिक समजूत रूढ झाली. मोटार हे निर्जीव यंत्र. ते चालले तर झिजेल, उभे राहिले तर जसेच्या तसे राहील, असे लोकांस वाटू लागले. ही समजूत किती फसवी आहे, याचा अनुभव दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील लक्षावधी कुटुंबांना आला.

१९३९ साली ब्रिटनमध्ये सुमारे वीस लाख खाजगी मोटारी होत्या. ३ सप्टेंबर रोजी युद्ध पुकारले गेले आणि त्याच महिन्यात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. पंपांवरील निरनिराळ्या कंपन्यांची नावे गेली आणि ‘पूल’ या एकाच नावाने एकाच प्रतीचे पेट्रोल मिळू लागले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर शत्रू किनाऱ्यावर उतरण्याची धास्ती निर्माण झाली. तेव्हा गाडी सोडून जाताना ती निकामी करून ठेवण्याची सक्ती झाली, आणि लोक डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर काढून खिशात घालू लागले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मलायाचे रबर जपानच्या हाती गेले आणि टायर दुर्मिळ झाले. अखेर १ जुलै १९४२ पासून खाजगी मोटारींना मिळणारा पेट्रोलचा मूळ वाटा रद्द करण्यात आला. डॉक्टर, शेतकरी अशा आवश्यक कामे करणाऱ्यांनाच पेट्रोल मिळू लागले. उरलेल्या मोटारी गॅरेजात, गोठ्यात, परसातल्या छपरात गेल्या. युद्ध केव्हा संपेल हे कोणालाच ठाऊक नव्हते.

गाडी ठेवून देणे हेही एक शास्त्र आहे, हे तेव्हा घरोघरी कळू लागले. जाणता मालक प्रथम गाडी जॅकने उचलून तिच्या आसांखाली भक्कम लाकडी ठोकळे देई. कारण एकाच जागी महिनोन्‌महिने भार पडला की टायर तेथे चपटा होतो आणि त्याचे थर दुभंगतात. चाके काढून ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवली जात, कारण ऊन व उष्णता ही रबराची शत्रू. हिवाळ्यात पाणी गोठून इंजिनाला तडा जाऊ नये म्हणून रेडिएटर रिकामा केला जाई. टाकीतील आणि कार्बुरेटरमधील पेट्रोल काढून टाकीत; कारण त्यातील हलका भाग उडून जातो आणि मागे उरणारा डिंकासारखा चिकट साका बारीक छिद्रे बुजवितो. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडीत आणि हँडलने इंजिन दोन-चार वेळा फिरवीत, म्हणजे आतील भिंतींवर वंगणाचा लेप बसे. क्लचप्लेट चिकटून बसू नये म्हणून पेडल दाबून ते दांड्याने अडकवून ठेवीत. हातब्रेक मात्र सैल सोडीत, नाही तर गंजाने ब्रेकशू ड्रमला धरून बसत.

सर्वांत नाजूक प्रश्न बॅटरीचा. शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी ही पेटी काही काम न करताही हळूहळू रिती होत जाते. रिती राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती पुन्हा भरून घेत नाही. म्हणून ती गाडीतून काढून ठराविक मुदतीने चार्ज करावी लागे.

१ जून १९४५ रोजी मूळ वाटा पुन्हा मिळू लागला आणि ठोकळ्यांवरच्या मोटारी खाली उतरू लागल्या. ज्यांनी वरील काळजी घेतली होती त्यांचे काम सोपे झाले. त्यातही शहाणा मनुष्य एकदम स्टार्टर दाबीत नसे. तो प्रथम सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडून हँडलने इंजिन मोकळे फिरते की नाही ते पाही, जुने ऑईल बदली, ताजे पेट्रोल घाली. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर त्यांतील रबरी वाट्या आणि द्रव तपाशी, कारण तो द्रव हवेतील ओल शोषून घेतो आणि नळ्या आतून गंजतात. गाडी चालते की नाही हे पाहण्यापूर्वी ती थांबते की नाही हे पाहावे, हा त्यातला मुख्य नियम.

या काळजीची खरी किंमत पुढे कळली. देशाला परकीय चलन हवे असल्यामुळे नव्या मोटारींचा मोठा हिस्सा निर्यात होई आणि घरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९४७ च्या अखेरीस पेट्रोलचा वाटा पुन्हा बंद झाला, जून १९४८ मध्ये परत मिळाला आणि रेशनिंग सर्वस्वी उठले ते मे १९५० मध्ये. या सर्व काळात युद्धापूर्वीच्या गाड्यांवरच अनेकांना दिवस काढावे लागले. रस्त्यावरील जुन्या गाड्यांची स्थिती पाहून सरकारने १९६० मध्ये दहा वर्षांवरील मोटारींसाठी तपासणी सुरू केली. त्या तपासणीत पाहावयाच्या गोष्टी ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे याच होत्या.

हिंदुस्थानातही १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग होते. कोळशाच्या गॅसवर धापा टाकीत चालणाऱ्या बसगाड्या त्या काळच्या प्रवाशांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिल्या. पुढे २५ मार्च २०२० रोजी सुरू झालेल्या टाळेबंदीत देशभर मोटारी आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि जुनाच धडा पुन्हा मिळाला. कित्येकांच्या बॅटऱ्या उतरल्या. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालविले की भागते, असे अनेकांनी मानले. वस्तुतः तेवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी ऑईलमध्ये आणि धुराच्या नळीतच राहते, आणि बॅटरीतून खर्च झालेली वीजही बहुधा भरून निघत नाही. आजच्या मोटारीतील विद्युत्‌साधने गाडी बंद असतानाही थोडी वीज घेतच असतात. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल ओल ओढते. हँडल मारण्याची सोय तर केव्हाच गेली.

ब्रिटनमधील त्या कुटुंबांनी छपरात मोटार ठेवली तेव्हा शांततेचा दिवस उजाडेल या विश्वासावर ठेवली होती. परंतु जे विश्वासाबरोबर चमचाभर ऑईल आणि चार ठोकळेही देऊन बसले होते, त्यांचीच गाडी त्या दिवशी दाराबाहेर पडली. घोड्याच्या खराऱ्याचा नियम यंत्रालाही सुटलेला नाही, एवढेच त्या उभ्या मोटारींनी दाखवून दिले.