परळची नोंदवही आणि फुलसावंगीची विडी : फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संशोधकांविषयी

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील, पैनगंगेच्या खोऱ्यातील व मराठवाड्याच्या सीमेलगतचे गाव. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत अशा गावांना स्थान नसते. तरीही प्रस्तुत लेखाचा आरंभ ह्या गावाच्या नावाने केला आहे. एखाद्या रोगाच्या ज्ञानाचा इतिहास लिहिताना ते ज्ञान कोणी मिळविले एवढेच पाहून भागत नाही. ते कोठवर पोचले हेही पाहावे लागते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील परळ येथे पुष्कळसे सापडते. दुसऱ्याचे शोधावयाचे झाल्यास फुलसावंगीसारख्या गावाकडे वळावे लागते.

हा रोग एके काळी दुर्मिळ मानला जात असे. १९१२ साली आयझॅक ॲडलर ह्या अमेरिकेतील वैद्याने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा सगळे वैद्यकीय वाङ्मय धुंडाळून त्याला ३७४ रुग्णांची नोंद मिळाली, आणि इतक्या विरळ विषयावर ग्रंथ लिहिल्याबद्दल त्याला वाचकांपुढे जवळजवळ क्षमायाचना करावी लागली. पुढच्या चाळीस वर्षांत चित्र पालटले. त्या पालटाची सारी विसंगती सेंट लुईचे शस्त्रवैद्य एव्हर्ट्‌स ग्रॅहम ह्यांच्या चरित्रात एकवटलेली दिसते. १९३३ साली त्यांनी कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत समूळ काढून टाकले व रुग्ण जगला. हा रुग्ण स्वतः प्रसूतिवैद्य होता. ग्रॅहम धूम्रपान करीत, आणि सिगारेटीचा ह्या रोगाशी संबंध असेल ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता. अर्न्स्ट विंडर ह्या विद्यार्थ्याने त्यांच्याच देखरेखीखाली रुग्णांच्या सवयींची चौकशी आरंभिली, आणि १९५० साली दोघांच्या नावे ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ग्रॅहम ह्यांनी धूम्रपान सोडले. परंतु १९५७ साली त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ज्याचे फुप्फुस त्यांनी काढले होते तो रुग्ण त्यांच्यामागे सहा वर्षे जगला. १९५० सालीच लंडनमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी ७०९ रुग्ण व तितकेच तुलनेचे रुग्ण घेऊन तोच निष्कर्ष काढला. आरंभी डॉल ह्यांचा संशय रस्त्यावरील डांबरावर होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. संशोधकाचा पहिला तर्क बहुधा चुकीचा असतो. तो सोडून देण्याची तयारी कितपत आहे ह्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता मुंबईकडे वळू. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) ह्यांच्याकडे होती. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी १९२३ साली मिळविली होती, आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या विषयाचे अध्यापन केले होते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे तज्ज्ञ म्हणून त्यांची ख्याती नव्हती. किंबहुना आपल्याकडे ह्या रोगाविषयीचे मूलभूत ज्ञान ज्यांनी उभे केले त्यांपैकी जवळजवळ कोणीही ह्या एका रोगाचा तज्ज्ञ म्हणून आरंभ केला नव्हता, आणि हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचा अर्थ लागत नाही. खानोलकरांचा विषय होता तो सवय आणि रोग ह्यांचा संबंध. १९४५ साली श्रीमती सूर्याबाई ह्यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी भारतीय चालीरीतींतून उद्भवणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणारा कर्करोग हा त्यांतला एक. विकृतिशास्त्रज्ञाची दृष्टी सूक्ष्मदर्शकातून निघून रुग्णाच्या वस्त्रापर्यंत आणि चंचीपर्यंत गेली, हे त्या निबंधाचे खरे महत्त्व होय.

१९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. तेथे त्यांनी जी माणसे जमविली ती पाहण्यासारखी आहेत. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) ह्यांनी १९४९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले व परत येऊन त्याची प्रयोगशाळा उभारली. त्यांचे मुख्य कार्य स्तनाच्या कर्करोगावरील असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. डॉ. एल. डी. संघवी हे मूळचे मानवी आनुवंशिकीचे अभ्यासक. मुंबईतील अंतर्विवाही जातिसमूहांच्या रक्तगटादी लक्षणांवर त्यांनी खानोलकरांसह १९४९ साली निबंध लिहिला होता. हाच अभ्यासक १९५५ साली तंबाखू ओढणे व चघळणे ह्यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनी दाखवितो, आणि १९७४ साली डॉ. पेरिन नोटानी ह्यांच्यासह मुंबईतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा पूर्वलक्षी अभ्यास प्रसिद्ध करतो. जातीजातींतील भेद मोजण्याची हातोटी सवयींतील भेद मोजण्याच्या कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच १९७४ साली एक छोटा परंतु माझ्या मते फार मोलाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक तिघे : हॉफमन, संघवी आणि विंडर. हे विंडर म्हणजे ग्रॅहम ह्यांचे तेच विद्यार्थी. विषय होता भारतीय विडी व अमेरिकन सिगारेट ह्यांच्या धुराचे तुलनात्मक रासायनिक पृथक्करण. विडीत तंबाखू थोडी आणि वेष्टन कागदाचे नसून तेंदूच्या पानाचे, म्हणून ती सौम्य असावी अशी समजूत सर्वत्र होती. ती पुष्कळांच्या मनात आजही आहे. पृथक्करणात नेमके उलट आढळले. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, फेनॉल आणि कर्करोगजनक हायड्रोकार्बने ह्यांचे प्रमाण विडीच्या धुरात अधिक होते. शिवाय तेंदूचे पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून ती वरचेवर व जोराने ओढावी लागते. ज्यांनी विडी ओढणारा शेतमजूर पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको.

नोंदणीचे काम दुसऱ्या एका शस्त्रवैद्याने केले. डॉ. दाराब जस्सावाला (१९१५–१९९९) ह्यांनी १९५१ साली नवल टाटा ह्यांच्यासह भारतीय कर्करोग संस्था स्थापन केली, आणि १९६३ साली तिच्यातर्फे मुंबईची कर्करोग-नोंदणी सुरू केली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली नोंदवही. रुग्णालयात येणारे रुग्ण मोजल्याने रुग्णालयाची ख्याती कळते. लोकसंख्येत रोग किती हे कळत नाही. ह्यासाठी शहरातील सर्व रुग्णालयांत व मृत्युदाखल्यांत नोंदी शोधाव्या लागतात. १९७९ साली जस्सावाला व जैन ह्यांनी ह्याच नोंदवहीच्या आधारे बृहन्मुंबईतील फुप्फुसाचा कर्करोग, धर्म व धूम्रपान ह्यांचा परस्परसंबंध तपासला. जस्सावाला स्वतः पारशी होते. पारशी समाजात अग्नी पवित्र असल्याने धूम्रपान निषिद्ध मानले जाते, आणि त्या समाजात तंबाखूजन्य कर्करोगांचे प्रमाण कमी दिसते. धर्माचा निर्बंध आरोग्याच्या हिशेबात कसा उतरतो ह्याचे एवढे स्पष्ट उदाहरण क्वचित आढळेल.

म्हणजे १९७४ पर्यंत विडीविषयी आवश्यक ती माहिती परळ येथे उपलब्ध होती. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, संसदेने सिगारेटविषयक कायदा केला व पाकिटावर वैधानिक इशारा आला. तो कायदा केवळ सिगारेटपुरता होता. विडीचा अंतर्भाव करणारा कायदा २००३ साली झाला. चित्ररूप इशारे २००९ साली आले. मधली अठ्ठावीस वर्षे विडीच्या कट्ट्यावर कायद्याने एक अक्षरही लिहावयास लावले नाही. ह्या दिरंगाईचे खापर संशोधकांवर फोडता येत नाही. विडी हा लाखो हातांना काम देणारा कुटिरोद्योग, तेंदूपत्ता हे वनांचे उत्पन्न. राज्यकर्त्यांना तिला हात लावणे अवघड होते हे मान्य करावे लागेल. परंतु सिगारेट ओढणाऱ्या शहरवासीयास जो इशारा मिळाला तो विडी ओढणाऱ्या खेडुतास मिळाला नाही, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

खेड्यातील रोग मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न बार्शी येथे झाला. डॉ. भगवान नेने ह्यांच्या कर्करोग रुग्णालयात १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. परळच्या संशोधन संस्थेत तंबाखूच्या परिणामांचे गणित मांडणाऱ्या डॉ. कस्तुरी जयंत ह्या कामाशी निगडित होत्या. मुंबईच्या तुलनेने ह्या गावांत फुप्फुसाचा कर्करोग फार कमी आढळला. हा आकडा जपून वाचावा लागतो. खेड्यातील माणूस क्ष-किरण यंत्रापर्यंत पोचला तर नोंद. तो महिनोन् महिने खोकत, वाळत घरीच गेला, तर लोक क्षय म्हणतात, आणि कधी कधी वैद्यही क्षयाचेच औषध चालू ठेवतात. तथापि हे सारे केवळ निदानातील चुकीवर घालविणेही योग्य नव्हे. २००८ साली प्रभात झा, प्रकाश गुप्ता आदींनी देशव्यापी मृत्यूंचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धूम्रपान करणाऱ्यांच्या अकाली मृत्यूंत खऱ्या क्षयाचाच वाटा फार मोठा आढळला, आणि विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटते असे दिसून आले. विडी फुप्फुसास दोन वाटांनी मारते. दोन्ही वाटांवर खोकला तोच.

उपचाराच्या बाजूने परळची परंपरा खंडित झालेली नाही. वनिता नोरोन्हा, विजय पाटील व कुमार प्रभाश ह्यांनी ३५० रुग्णांवर घेतलेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या ह्या रुग्णांत जेफिटिनिबच्या जोडीला रसायनोपचार दिल्यास रोग थोपविण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. हा बदल धूम्रपान न करणाऱ्यांत अधिक आढळतो. म्हणजे विडीवर सारा दोष ठेवून हा विषय संपत नाही.

त्याच वर्षी राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ ह्या काळाचा अहवाल निघाला. त्यातील २८ नोंदवह्यांत मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, उस्मानाबाद–बीड व बार्शी आहेत. यवतमाळ जिल्हा नाही. फुलसावंगीसंबंधी काही जाणून घ्यावयाचे तर पदव्युत्तर विद्यार्थ्याने तहसील कचेरीतील जुन्या कोतवाल बुकांकडे वळावे. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर : मृत्यूच्या कारणांचे रकाने वसाहतकाळापासून एवढेच. ज्या रोगावर ॲडलरने ग्रंथ लिहिला, त्याने मेलेला माणूस ह्या वहीत असलाच तर शेवटच्या तीन-चार रकान्यांपैकी एकात असावा.