पन्हाळा ते पावनखिंड: ट्रेल रनिंगमध्ये किलोमीटर का फसवतात?

रंकाळ्यावर रोज सकाळी पळणाऱ्या कुणालाही विचारा, १० किलोमीटरला किती वेळ लागतो हे तो मिनिटांत सांगेल. त्याच माणसाला जुलैमध्ये मसाई पठारावर नेऊन सोडा. धुकं, निसरडा जांभा, गुडघाभर गवत आणि समोर तीन फुटलेल्या वाटा. आता त्याचं गणित चुकणार.

सोशल मीडियावर डोंगरात पळणाऱ्यांची रील्स वाढली आहेत. ती बघून अनेकांना वाटतं, आपणही या रविवारी जावं. जरूर जा. पण त्याआधी हा प्रकार काय आहे आणि तो कुठे अंगाशी येऊ शकतो, हे समजून घेऊया.

ट्रेल रनिंग म्हणजे काय?

डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, जंगलातून, डोंगरातून पळणं म्हणजे ट्रेल रनिंग. यात सगळं अंतर पळतच कापायचं असा नियम नाही. तीव्र चढावर अनुभवी धावपटूसुद्धा गुडघ्यावर हात टेकून चालतात. सपाटीला आणि सोप्या उताराला पळायचं, चढाला झपाझप चालायचं, असा हा खेळ आहे.

महाराष्ट्रात सिंहगड-राजगड-तोरणा या किल्ल्यांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा ही स्पर्धा अनेकांना माहीत आहे. जगात युटीएमबीचं नाव मोठं आहे. २००३मध्ये सुरू झालेली ही शर्यत माँ ब्लाँ पर्वताभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असा सुमारे १७० किलोमीटरचा फेरा मारते.

कोल्हापूरजवळचा मार्ग कसा आहे?

कोल्हापूरकरांसाठी सर्वात ओळखीची लांब डोंगरवाट म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड. सिद्दी जौहरचा वेढा फोडून छत्रपती शिवाजी महाराज १२ जुलै १६६०च्या रात्री पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. सोबत सुमारे ६०० मावळे होते. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल सेनेने घोडखिंडीत शत्रूला रोखून धरलं. तीच आजची पावनखिंड. ऐन पावसाळा, काळोखी वाट आणि खांद्यावर पालखी, असा तो प्रवास होता.

आज कोल्हापुरातल्या अनेक संस्था दर जुलैमध्ये या वाटेवर पदभ्रमंती घेतात. पन्हाळा, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशी गावं, वाड्या आणि धनगरवाडे घेत वाट पांढरपाण्याला आणि पुढे पावनखिंडीत पोहोचते. अंतर साधारण ५० किलोमीटर. चालणारे बहुतेक जण ते दोन दिवसांत करतात. यावरून एका दिवसात पळायचं म्हटलं तर किती तयारी लागेल, याचा अंदाज येतो.

किलोमीटर कसे फसवतात?

१८९२मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात चालण्याचा एक सोपा हिशेब मांडला. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा तुमचा मार्ग ३० किलोमीटरचा आहे आणि एकूण चढ १,२०० मीटर आहे. अंतराचे ६ तास, चढाचे २ तास, म्हणजे चालत ८ तास. यात विश्रांती, चिखल आणि वाट चुकणं धरलेलं नाही.

ट्रेल रनिंगची आंतरराष्ट्रीय संघटना दुसरं माप वापरते. दर १०० मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर. त्या हिशेबाने वरचा ३० किलोमीटरचा मार्ग ४२ होतो. म्हणजे मेहनत पूर्ण मॅरेथॉनची! म्हणून घरून निघताना किती किलोमीटर यासोबत किती चढ आणि किती तास, हेही काढा.

लूप आणि परतीचा प्रश्न

जिथून सुरुवात तिथेच शेवट, असा फेरा म्हणजे लूप. यात गाडी एकाच ठिकाणी लावता येते. पण लूपचा एक सापळा असतो. मध्यावर पोहोचलात की पुढे जा नाहीतर मागे या, अंतर तेवढंच.

म्हणून पळण्याआधी नकाशावर सुटकेच्या जागा शोधायच्या. कोणत्या वाडीतून गाडीरस्ता लागतो? तिथपर्यंत किती वेळ लागेल? पावनखिंडीची वाट लूप नाही, त्यामुळे शेवटी पांढरपाण्याला गाडी ठरलेली हवी. नवख्यांनी पन्हाळ्यावरून मसाई पठारापर्यंत जाऊन परत यावं. येऊन-जाऊन साधारण २० किलोमीटर होतात.

परतीची वेळही आधीच ठरवा. जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण धुक्यात आणि झाडीत अंधार लवकर पडतो. ठरलेली वेळ झाली की पठार चार पावलांवर असलं तरी मागे फिरायचं.

पावसात खरा धोका कशाचा?

बहुतेकांना साप किंवा दरी आठवते. थंडी कुणाच्या डोक्यात नसते.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावत होते. अचानक गारठवणारा पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. अनेकांच्या अंगात फक्त पातळ कपडे होते. २१ धावपटूंचा जीव गेला. सहा जणांना एका मेंढपाळाने वाचवलं. त्याने त्यांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली.

आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही. पण शरीराचं तापमान ३५ अंशांखाली जायला बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की पुरे. पळताना अंग गरम असतं. पाय मुरगळून अर्धा तास बसावं लागलं की तोच माणूस कुडकुडायला लागतो. बोलणं अडखळायला लागलं, तोल जायला लागला, तर वेळ घालवू नका. आडोशाला न्या, कोरडे कपडे घाला, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या आणि एकटं सोडू नका.

दुसरा धोका ओढ्यांचा. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागू शकतो. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत तर पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी जाऊ नका.

सोबत काय असावं?

- पावसाचं जाकीट आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट. सुती कपडे नकोत, ते पाणी धरून ठेवतात.
- चांगली पकड असलेले बूट, हेडलॅम्प, शिट्टी, क्रेप बँडेज.
- पाणी, मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की.
- मोबाईलमध्ये ऑफलाईन नकाशा आणि पॉवर बँक. वाटेत रेंजच्या भरवशावर राहू नका.
- किमान एक सोबती. घरच्यांकडे मार्ग आणि परतीची वेळ लिहून ठेवा. इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ला कळवा, हेही सांगा.

नियम आणि माणसं

नकाशावर वाट दिसते म्हणजे ती खुली आहे असं नाही. राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. या पट्ट्यात गवे आहेत. डिसेंबर २०२१मध्ये तर ते कोल्हापूर शहरापर्यंत आले होते. गवा दिसला तर थांबा, आवाज न करता मागे सरका, रील काढायला जवळ जाऊ नका. पावसाळ्याच्या शेवटी पठारावर फुलं येतात, तेव्हा मळलेली वाट सोडू नका.

आणि वाडी लागली की दोन मिनिटं थांबा. 'मामा, पुढं वड्याला पाणी किती हाय?' एवढं विचारा. आज सकाळी तो ओढा ओलांडून आलेल्या माणसाला जे माहीत असतं, ते तुमच्या घड्याळात दिसत नाही. तो 'नका जाऊ' म्हणाला, तर जाऊ नका.