दर्यातले ट्रकचे इंजिन

कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा आकड्यांत लिहिला जातो. अमुक पंचवार्षिक योजनेत इतक्या नौका, इतके कर्ज, इतके टन मासळी. या आकड्यांत नव्या नौकेची नोंद असते. तिचे पहिले इंजिन निकामी झाल्यावर पुढे काय झाले, याची नसते. मला मात्र खरा इतिहास तिथूनच सुरू होतो असे वाटते. पहिले इंजिन सरकारी योजनेने, संस्थेने किंवा तज्ज्ञाने ठरवलेले होते. दुसरे नाखव्याने आणि बंदरावरच्या मिस्त्रीने ठरवले, आणि ते पुष्कळदा ट्रकचे निघाले.

ही युक्ती आपली एकट्याची नव्हे. अमेरिकेत फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ साली आली आणि १९२७पर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. गाडीचा सांगाडा गंजून जाई, पण वीस अश्वशक्तीचे साधे इंजिन शिल्लक राही. तळ्याकाठच्या आणि खाडीकाठच्या लोकांनी ते उचलून होड्यांत बसवले. मोटारीचे इंजिन घेऊन त्याला समुद्री साज चढवण्यावर पुढे कंपन्याही उभ्या राहिल्या. डेट्रॉइटची ‘ग्रे मरीन’ ही त्यांतली नावाजलेली. जनरल मोटर्सने १९३८ साली दोन-स्ट्रोकचे एक डिझेल इंजिन काढले : सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून नाव ‘६-७१’. ते ट्रकमध्ये होते, बसमध्ये होते, आणि दोन-दोन जोडून शर्मन रणगाड्यांच्या एका प्रकारातही होते. ग्रे मरीनने त्याचा २२५ अश्वशक्तीचा समुद्री अवतार केला. अँड्र्यू हिगिन्स यांच्या ज्या छत्तीस फुटी सपाट तळाच्या होड्यांतून ६ जून १९४४ रोजी सैनिक नॉर्मंडीच्या वाळूवर उतरले, त्यांतल्या बहुतेकींत हेच इंजिन धडधडत होते. अशा वीस हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. युद्ध संपल्यावर ही इंजिने शिलकी माल म्हणून विकली गेली आणि तिकडच्या मच्छीमारांनी ती घेतली.

आपल्याकडचा रस्ता वेगळा होता. १९५३ साली केरळात नींडकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. तिथल्या पारंपरिक होड्यांना यंत्र बसवणे जमेना, कारण त्यांची घडण इंजिनाचे वजन आणि हादरे पेलणारी नव्हती. शेवटी नव्या धाटणीच्या बावीस-पंचवीस फुटी नौका बांधाव्या लागल्या. मुंबई किनाऱ्याचे तसे नव्हते. सातपाटी, वर्सोवा इथल्या नौका फळ्यांच्या, कण्याच्या, खोल पोटाच्या. त्यांच्या मागच्या भागात लाकडी बैठक करून इंजिन ठेवता येई आणि शिडाची डोलकाठीही जागेवर राही. म्हणजे आपल्याकडे जुन्या नौकेनेच नवे यंत्र पोटात घेतले. यंत्र बदलता येण्याची सोय त्या घडणीतच होती, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ मला इथे दिसते.

सुरुवातीची समुद्री इंजिने संथ, वजनदार आणि टिकाऊ होती. एक किंवा दोन सिलिंडर, मोठे चक्र, दूरवर ऐकू येणारा ठोका. त्यांचा दोष यंत्रात नव्हता, बाजारात होता. १९५७च्या सुमारास देशाला परकीय चलनाची टंचाई भासली आणि आयातीवर कडक बंधने आली. परदेशी इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटला किंवा ब्लॉकला तडा गेला, तर सुटा भाग कधी येईल याचा भरवसा नाही. नौकेचा हंगाम मात्र ठरलेला. पावसाळ्यानंतरचे चार महिने हातचे गेले तर कर्जाचा हप्ता कुठून द्यायचा? खलाशांना दिलेली उचल कशी वसूल करायची?

याच काळात रस्त्यावर काय घडत होते ते पाहा. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक काढायला सुरुवात केली. १९५५ साली मद्रासच्या अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. पुढच्या वीसेक वर्षांत हे ट्रक घाटाघाटांत पोहोचले आणि त्यांच्यामागे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नॉझल विकणारी दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत आली. शिवाय ते इंजिन डोळे मिटून खोलणारी माणसे तयार झाली. बंद पडलेल्या नौकेसमोर उभ्या असलेल्या नाखव्याला ट्रकचे इंजिन अधिक चांगले वाटले असे नाही. ते दुरुस्त होऊ शकत होते, एवढे पुरेसे होते.

अशोक लेलँडसारख्या कंपन्यांनी पुढे आपल्या इंजिनांच्या समुद्री आवृत्त्या स्वतःच विकल्या, आणि ‘लेलँड’ हा शब्द बंदरावर रुळला. पण कारखान्यातून आलेले समुद्री इंजिन आणि बंदरावर ट्रकमधून उतरवून तयार केलेले इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला कुतूहल दुसऱ्या प्रकाराचे. त्यासाठी जुन्या मिस्त्रींकडे बसल्यावर कळते की ट्रकचे इंजिन नौकेत ‘बसवत’ नाहीत, ते जवळजवळ नव्याने घडवतात.

पहिला प्रश्न थंड करण्याचा. ट्रकला समोरून वारा लागतो आणि रेडिएटर भागवून नेतो. नौकेच्या पोटात वारा नाही. बाहेर पाणी अमाप, पण खारे, लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षाराचे. ते थेट इंजिनात फिरवले तर बिडाचा ब्लॉक आतून खाल्ला जातो. पाणी पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर तापले की क्षार भिंतींवर धरतात आणि वाटा बुजतात. इंजिन मुद्दाम थंड ठेवले तर सिलिंडर लवकर झिजतात. यावर तोड म्हणजे आत गोडे पाणी आणि ते थंड करायला बाहेरून खारे पाणी, मध्ये नळ्यांचा डबा. काही ठिकाणी गोड्या पाण्याचा पाइपच नौकेच्या तळाखालून फिरवून आणतात. म्हणजे समुद्रालाच रेडिएटर करतात. दुसरा प्रश्न धुराड्याचा. ट्रकखाली लाल तापलेला एक्झॉस्ट चालतो, लाकडी नौकेत तो आग लावील. त्याला पाण्याचे आवरण तरी हवे किंवा जाड वेष्टण तरी.

तिसरी गोष्ट कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा तेवढ्याच जोराने शाफ्ट पुढे ढकलला जातो. हा रेटा नौकेला पुढे नेणारा. तो झेलायला गिअरबॉक्समध्ये किंवा शाफ्टवर वेगळे बेअरिंग लागते. ट्रकच्या क्रँकशाफ्टला असा सततचा रेटा ठाऊकच नसतो. शाफ्ट थेट जोडला तर इंजिन आतल्या आत घासून मरते. शिवाय इंजिन मागे कललेले बसते, त्यामुळे तेलाच्या टाकीतले तेल एका टोकाला जमते आणि पंपाचे तोंड कोरडे पडू शकते. टाकी कापून, खोल करून, पुन्हा जोडणे हे मिस्त्रीचे काम.

आणि मग दमाचा प्रश्न. एका वयस्कर मिस्त्रीने मला तो एका वाक्यात सांगितला : “भाऊ, रस्त्याला उतार असतो, दर्याला उतार नाही.” घाट चढणारा ट्रक पुढे उतरतो, सिग्नलला थांबतो, सपाटीवर थोड्या ताकदीत धावतो. नौकेचा पंखा इंजिनाला क्षणभरही सोडत नाही. त्यातून पंख्याचा हिशेब असा की फेरे निम्मे केले तर ताकद जवळपास आठव्या हिश्शावर येते, आणि शेवटचे थोडेसे फेरे वाढवायला भरमसाट ताकद लागते. म्हणून जाणता मिस्त्री पंखा आणि गिअरचे प्रमाण असे निवडतो की इंजिन कधी पूर्ण ताणावर जाऊ नये. ट्रकवर ज्या ताकदीची पाटी असते ती नौकेत पूर्ण वापरणारा नाखवा दोन हंगामांत पुन्हा त्याच मिस्त्रीच्या दारात येतो. हे शहाणपण कुठल्या पाठ्यपुस्तकातून किनाऱ्यावर आलेले नाही. बऱ्याच इंजिनांचा बळी देऊन आले आहे.

या बदलाने किनाऱ्याची भाषाही बदलली. नौका पूर्वी जाळ्यावरून किंवा घडणीवरून ओळखली जाई : डोलीची, रापणीची, सातपाटी धाटणीची. आता एक सिलिंडर, दोन सिलिंडर, चार, सहा. सरकारही याच मापाने मोजते. २०१९च्या ‘क्यार’ आणि ‘महा’ वादळांनंतर मच्छीमारांना जी मदत जाहीर झाली, तिच्यातही नौकांची प्रतवारी सिलिंडरांवर होती. सहा सिलिंडर म्हणजे मूळची ट्रकचीच मोजदाद. घराण्याची ऐपत महामार्गाच्या मापाने मोजली जाऊ लागली, याकडे अभ्यासकांनी अजून पुरेसे पाहिलेले नाही.

ताकद वाढली तशी भांडणेही वाढली. गोव्यात १९७०च्या दशकात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा उभारला, मथानी साल्ढाणा यांनी त्याचे नेतृत्व केले. त्या लढ्याचा इतिहास जाळ्यांचा आणि किनाऱ्यापासूनच्या अंतराचा म्हणून सांगितला जातो, ते बरोबरच आहे. पण जड जाळे ओढायला सततची ताकद लागते, आणि ती ताकद मोडली तरी आठवड्याभरात पुन्हा उभी करता यावी लागते. दुरुस्तीची ही सोय नसती तर ट्रॉलरचा धंदा इतक्या बंदरांत टिकला असता का, याबद्दल मला शंका आहे.

एक नुकसान मात्र कोणीच मोजले नाही. पहिल्या पिढीतले इंजिन शिडाच्या सोबतीला होते. ते बंद पडले तर तांडेल शीड चढवून किनारा गाठे. दुसऱ्या इंजिनाच्या वेळी डोलकाठी उतरली, कारण ताकद पुरेशी होती आणि जागा बर्फाच्या पेटीला हवी होती. शीड गेले तसे ते बांधणारे, वाऱ्याचा अंदाज घेऊन ते फिरवणारे हातही गेले. आज खोल समुद्रात इंजिन बंद पडले तर नौकेने नांगर टाकून दुसऱ्या नौकेच्या दोराची वाट पाहायची. नांगर पोहोचला नाही तर वाहत जायचे.

अलीकडे मिस्त्रींची अडचण निराळीच आहे. १ एप्रिल २०२०पासून नव्या वाहनांना बीएस-६ मानके लागू झाली. या ट्रकांची इंजिने संगणकाच्या हुकमावर चालतात. ठिकठिकाणी संवेदक, धुराड्यावर शुद्धीकरणाची सामग्री. त्यांतला एखादा भाग काढला की संगणक इंजिनाची ताकदच उतरवतो. ते उचलून खाऱ्या हवेत बसवणे बंदरावरच्या पान्या-हातोडीचे काम राहिलेले नाही. साध्या यांत्रिक पंपाचे जुने इंजिन मात्र अजून चालते. म्हणून नौकेचे इंजिन गेले की मिस्त्री आधी फोन लावतो तो महामार्गावरच्या भंगारवाल्याला, आणि विचारतो की एखादा जुना ट्रक तोडायला आला आहे का, आणि त्याचा ब्लॉक शाबूत आहे का.