रस्ता आणि रानवाटेसाठी सायक्लोक्रॉस सायकलची निवड

एकच सायकल घ्यावी, तिने डांबरी रस्त्यावर वेग द्यावा आणि रानवाटेवरही साथ सोडू नये, अशी इच्छा असणाऱ्यांचे लक्ष सायक्लोक्रॉस सायकलकडे वळते. खाली वळलेले हँडल, हलकी चौकट आणि खाचांचे टायर पाहता ती या दुहेरी कामासाठीच घडवली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात तिचा जन्म चिखलातील सुमारे तासाभराच्या शर्यतीसाठी झाला आहे. हे ध्यानात न घेता केलेली खरेदी पुढे गैरसोयीची ठरते.

हा खेळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये रुजला. तेथील पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये झाली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिस येथे भरली आणि ती झाँ रोबिक यांनी जिंकली. आज बेल्जियममध्ये हा खेळ विशेष लोकप्रिय आहे. शर्यतीत अडथळे आले की सायकल खांद्यावर घेऊन धावावे लागते. त्यामुळे शर्यतीच्या अनेक सायकलींवर मडगार्ड वा कॅरिअर बसवण्याची सोय नसते. रोजच्या वापरासाठी ही सोय आधी तपासावी.

टायर : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शर्यतीतील टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. डांबरी रस्त्याला ही रुंदी पुरेशी आहे. दगडगोट्यांच्या वाटेवर मात्र ३८ ते ४० मिलिमीटरचा टायर अधिक सुखकर ठरतो. तो बसवूनही चौकटीत चिखलासाठी जागा उरते का, हे पाहावे. रस्त्यासाठी गुळगुळीत आणि वाटेसाठी खाचांचे, असे टायरचे दोन जोड बाळगणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

गिअर : शर्यतीच्या सायकलीला पुढे बहुधा ४६ व ३६ दात्यांच्या चकत्या असतात. मागे सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची असल्यास, सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे १.३ वेळा फिरते. सिंहगडासारख्या खड्या घाटात हे जड जाते. पुढे ३४ व मागेही ३४ दाते असल्यास हे प्रमाण एकास एक होते आणि गुडघ्यांवरचा ताण हलका होतो.

ब्रेक : जुन्या सायकलींना कँटिलिव्हर ब्रेक असत. रिम ओली झाली की त्यांची पकड मंदावते. डिस्क ब्रेक ओल्या उतारावर अधिक भरवशाचे असल्याने नव्या खरेदीत त्यांनाच प्राधान्य द्यावे. जुनी सायकल घेताना ब्रेकची खात्री केल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता याच घराण्यातील ग्रॅव्हल सायकलही बाजारात आहे. तिची दोन चाकांमधील लांबी अधिक असते, टायर रुंद बसतात आणि लांबच्या प्रवासात ती स्थिर राहते. सायक्लोक्रॉस सायकल त्यामानाने चपळ, पण काहीशी चंचल असते. शर्यतीत उतरायचे असेल किंवा अरुंद, वळणावळणाच्या वाटा आवडत असतील, तर सायक्लोक्रॉस घ्यावी. दिवसभराची भटकंती आणि सामान नेणे हाच हेतू असेल, तर ग्रॅव्हल सायकल अधिक सोयीची. निर्णयापूर्वी दोन्ही चालवून पाहाव्यात. आपल्या वाटा कोणत्या, याचे उत्तर मात्र दुकानात जाण्याआधीच ठरलेले असावे.